सातबारा नाही, पण मत आहे

शक्तिपीठ महामार्गाची चर्चा तापली तेव्हा मी पुण्याहून सुट्टीला तासगावजवळच्या माझ्या गावी आलो होतो. नागपूर ते गोवा, तेव्हाच्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. आखणीत मणेराजुरी, सावर्डे, अंजनी अशी तालुक्यातली द्राक्षबागांची गावे आली आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. मी अब्बांना विचारले, "आपलं काय?" ते म्हणाले, "आपला सातबाराच नाही, बेटा. आपल्याला कोण विचारतंय?"

बाग गेली तर मालकाला मोबदला मिळतो. पण छाटणीला जाणारा मजूर, बेदाण्याच्या शेडवर निवडीला बसणाऱ्या बायका, टेम्पोवाला, सौद्यातला हमाल यांचे नुकसान सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. आपली बरीच घरे याच कामांवर चालतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून राज्याच्या महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला त्यातून सूट दिली.

मी सॉफ्टवेअरचे काम करतो. आमच्याकडे वापरणाऱ्याने तपासून होकार दिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरत नाहीत. मग गावाच्या छातीवरून जाणाऱ्या प्रकल्पाची तपासणी गावाने का करू नये?

ओडिशातल्या नियमगिरीत ती झाली. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. डोंगरिया कोंध आदिवासींचे माप वेगळे होते: डोंगर म्हणजे नियमराजा, झरे, शेती, पुढची पिढी. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि २०१४ मध्ये केंद्राने खाणीला परवानगी नाकारली.

तिथे आदिवासींच्या हक्कांचे कायदे पाठीशी होते, आपल्याकडे तसे नाही, हे खरे. पण आपल्या येरळा नदीवर बळीराजा धरण आहे. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले गिरणी कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. त्यांनी ती लूट अडवली, थोडीच वाळू स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा केला. वाटपाचा नियमही त्यांनीच ठरवला: उसाला पाणी नाही, आणि जमीन असो वा नसो, पाण्यात हिस्सा सारखा. भूमिहीनाने आपल्या हिश्श्याचे पाणी घालून दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी. म्हणजे "कोण विचारतंय" याचे उत्तर याच जिल्ह्यात, याच नदीवर चाळीसएक वर्षांपूर्वी देऊन झाले आहे.

मी रस्त्यांच्या विरोधात नाही. रस्त्यानेच मी पुण्याला गेलो. विकास हवा की नको, हा वादच नाही. आमच्या बायकांचे काम, विहिरीचे पाणी, ओढ्याची वाट, कब्रस्तान आणि स्मशान यांचे काय होणार, हे आधी कोणी लिहून काढले का, एवढाच प्रश्न आहे.

ग्रामसभेत बसायला सातबारा लागत नाही, मतदारयादीत नाव लागते. वर्षातून किमान चार सभा होतात. गेल्या किती सभांना आपण गेलो? मी एकाही नाही. मशिदीच्या छोट्या कामासाठीही मशवरा करणारे आपण, गावाच्या मशवऱ्याला मात्र घरी बसतो. ठराव सरकारला बांधील नसेलही, पण कागदावर न आलेले नुकसान कोणाला दिसत नाही.

पुढच्या ग्रामसभेला मी रजा टाकून जाणार आहे. अब्बांना घेऊन जाईन, आणि अम्मीलाही. तुम्हीही आपापल्या घरच्यांना घेऊन जा.