घरात थांबा म्हणे!

थंडीत हवा बिघडली की दर वर्षी तोच सल्ला छापून येतो. सकाळी बाहेर पडू नका, खिडक्या लावून घ्या, मास्क वापरा. भोसरी-चाकणच्या वस्त्यांमधून फिरताना मला प्रश्न पडतो, हा सल्ला कोणासाठी? पहाटे रस्ता झाडणारी बाई घरात थांबली तर तिचा खाडा पडतो. चाकणच्या पत्र्याच्या खोलीत सिलिंडर संपला की कंपन्यांकडून आलेली पॅकिंगची लाकडं चुलीत जातात. त्या खोलीची खिडकी (असलीच तर!) लावून घ्यायची, तर धूर जाणार कुठे?

चुलीचा धूर हा आपल्यालाही किरकोळ प्रश्न वाटत आला, हे कबूल करूया. पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं, की कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही फुप्फुसं निकामी करणारा सीओपीडी होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. तरी दवाखान्यात बाईचा खोकला म्हणजे 'अशक्तपणा', आणि हातात लोहाच्या गोळ्या.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्याच्या पैशाचं काय झालं? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये देशभरचा हिशेब मांडला: ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर, उद्योगांच्या प्रदूषणावर १ टक्कासुद्धा नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण हा आकडा पाठच करायला हवा.

आणि कारवाई होते तेव्हा ती कोणावर होते? चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती. तांब्यासाठी तारा जाळल्या की प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात. आजूबाजूच्या रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती, हे मी ठामपणे म्हणते. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने बुलडोझर लावून हजारो शेड पाडल्या, तेव्हा तिथे बसून भंगार निवडणाऱ्या बायकांना कोणी विचारलं? त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, तो धूर काय आम्हांला आवडत होता? पण हजेरी तरी मिळायची." शहराचं भंगार काही थांबलेलं नाही. ते आता दुसरीकडे निवडलं जातं, आणि तिथेही बायकाच बसतात.

आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सांगितली. पण दोन्ही आकडे मोजायचे कुठे? चौकातल्या केंद्राला चुलीपुढची हवा कळत नाही, भंगाराच्या ढिगाऱ्यापुढचीही नाही. महापालिकेच्या पुढच्या बैठकीत मी मागणी करणार आहे, की एक यंत्र आठवडाभर आमच्या वस्तीतल्या खोलीत ठेवा. साहेब हसतील. हसू देत. मैत्रिणींनो, त्या दिवशी चार-पाच जणी सोबत या, आणि ज्यांचा खोकला जात नाही त्यांना आधी बोलू द्या.