कांद्याची बातमी वर्गात कशी शिकवता येईल?

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळणार होता, पण नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरले.

बातमी एक, बाजू दोन. वर्गात इथूनच सुरुवात करता येते. अर्ध्या मुलांनी शेतकऱ्याची बाजू मांडायची, अर्ध्यांनी ग्राहकाची. मग बाजू बदलायच्या. गणिताच्या तासाला लासलगावचे बाजारभाव, नागरिकशास्त्राच्या तासाला प्रश्न: असे निर्णय कोण घेतं?

पुढे ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्कासह. 'बंदी उठली' एवढा मथळा वाचून मेसेज फॉरवर्ड केला, तर हा 'पण' निसटतो. तो शोधायची सवय लागणं, हाच खरा धडा.