दोन परीक्षांचा एकच अभ्यास

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीच्या पत्रास सविस्तर उत्तर देणें मला अगत्याचें वाटतें. कारण त्यांतील अडचण आज अनेक घरांतून दिसते. त्यांच्या सूनबाई इंजिनियर असून पदव्युत्तर शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊं इच्छितात. त्यासाठीं जी. आर. ई. आणि आयेल्ट्स या दोन परीक्षा द्यावयाच्या आहेत. घरांतील एका पक्षाचें म्हणणें, एक परीक्षा पदरांत पडल्यावांचून दुसरीचें नांव काढूं नये; दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, दोन्ही एका दमांत उरकाव्या. सूनबाई मात्र स्वयंपाक आणि नोकरी यांतून उरेल त्या वेळांत दोन्ही पुस्तकें आळीपाळीनें उघडतात आणि मिटतात.

माझें उत्तर असें कीं, अभ्यास एकत्र करावा. परीक्षा मात्र क्रमानें द्याव्या.

या दोन परीक्षांचे हेतु भिन्न आहेत. जी. आर. ई. उमेदवाराची विचारशक्ति पाहते; तींत शब्दज्ञान व वाचन, गणित आणि तीस मिनिटांचा एक निबंध असतो. आयेल्ट्स इंग्रजीचें व्यवहारज्ञान पाहते. तींत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण हे चार भाग असतात. तथापि मुळाशीं पाहिलें तर बराचसा अभ्यास समाईक आहे. जी. आर. ई. च्या निबंधांत एखाद्या मताविषयीं आपली भूमिका सकारण मांडावी लागते. आयेल्ट्सच्या लेखनांतील दुसऱ्या प्रश्नांतही किमान २५० शब्दांत बहुधा हेंच करावयाचें असतें. जी. आर. ई. च्या गणितांत आलेख व कोष्टकें वाचावीं लागतात. आयेल्ट्सच्या पहिल्या लेखनप्रश्नांत तशाच एखाद्या आलेखाचें वर्णन किमान १५० शब्दांत करावें लागतें. आठवड्यास दोन निबंध आणि एक आलेखवर्णन घड्याळ लावून लिहिलें, तर त्या श्रमाचें फळ दोन्हींकडे मिळतें.

वाचनाचेंही तसेंच. आयेल्ट्समध्यें साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांतील एका प्रकारांत दिलेलें विधान उताऱ्याप्रमाणें खरें, खोटें, कीं उताऱ्यांत त्याविषयीं कांहीं सांगितलेंच नाहीं, हें ठरवावें लागतें. हुशार मुलें येथेंच फसतात. स्वतःस ठाऊक असलेली गोष्ट तीं लेखकाच्या तोंडीं घालतात. जी. आर. ई. च्या उताऱ्यांतही हीच खोड नडते. ग्रंथ लावतांना जुने शास्त्री 'हें मुळांत कोठें आहे?' असें विचारीत. तोच प्रश्न प्रत्येक उत्तरापुढें स्वतःस विचारण्याची संवय लावावी.

शब्दांच्या याद्या घोकण्याची आपल्या मुलांस फार हौस. परंतु ज्यांनीं शाळेंत थोडेंबहुत संस्कृत केलें आहे, त्यांस याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. एकाच 'हृ' धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात, हें आपण जाणतों. इंग्रजींतही लॅटिन धातूंचें असेंच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणें. त्यापासून इन्स्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, सर्कम्स्पेक्ट. यांतील शेवटच्याचा अर्थ सावध, कारण तो सभोंवार पाहतो. संस्कृतांत हेरास 'स्पश' म्हणतात, तो याच कुळांतला. असे पन्नास धातु आणि वीस उपसर्ग नीट समजले, म्हणजे यादींतील पुष्कळसे शब्द परके वाटत नाहींत.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जी. आर. ई. साठीं शिकलेला भारी शब्द आयेल्ट्सच्या निबंधांत ओढूनताणून बसवूं नये. तेथें शब्दसंपत्तीस गुण आहेत, पण ते योग्य योजनेस आहेत. पाहुण्यांसाठीं ठेवलेलें चांदीचें भांडें रोज चुलीवर चढवीत नाहींत.

ज्या गोष्टी समाईक नाहींत, त्यांचा वेळ वेगळा काढावा. जी. आर. ई. चें गणित बहुतेक शालेय पातळीचें आहे; त्यांत त्रिकोणमिति किंवा कलनशास्त्र नाहीं. इंजिनियरांस तें सोपें वाटतें आणि म्हणूनच त्यांच्या हातून घाईच्या चुका होतात. आयेल्ट्समध्यें ध्वनिमुद्रण एकदांच ऐकवितात आणि उत्तरांतील शब्दाचें स्पेलिंग चुकलें तर गुण जातो. संभाषणाची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मध्यें एक मिनिट विचारास देऊन एका विषयावर दोन मिनिटांपर्यंत बोलावयास सांगतात. कान आणि जीभ यांची तयारी एकान्तांत होत नाहीं. या कामीं एकत्र कुटुंबासारखी सोय दुसरी नाहीं. आजोबांनीं घड्याळ धरावें, दिरानें प्रश्न विचारावे, धाकट्यांनीं ऐकावें. रोज वीस मिनिटें पुरेत.

आतां क्रमाविषयीं. जी. आर. ई. चा निकाल पांच वर्षें ग्राह्य असतो, आयेल्ट्सचा साधारणतः दोनच वर्षें धरतात. शिवाय जी. आर. ई. चें वाचन अधिक कठीण; तें आधीं झालें कीं पुढचें हलकें होतें. म्हणून सोळा आठवडे धरले तर बाराव्या आठवड्याच्या अखेरीस जी. आर. ई. द्यावी आणि उरलेल्या चारांत श्रवण व संभाषण यांवर भर देऊन आयेल्ट्स द्यावी. पानगळीच्या सत्राचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारींत मागवितात, तेव्हां जी. आर. ई. सप्टेंबरांत उरकावी. गुण कमी पडल्यास ती पुन्हा देण्यापूर्वीं २१ दिवस थांबावें लागतें, त्यास अवकाश राहतो.

पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या, कारण प्रत्येक परीक्षेची फी दहा हजार रुपयांहून अधिक आहे. पहिली, इच्छित विभागास जी. आर. ई. हवी आहे काय. २०२० नंतर अनेक विभागांनीं ती ऐच्छिक केली आहे. दुसरी, पासपोर्टावरील नांव. आयेल्ट्सच्या वेळीं पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यावर माहेरचें नांव असतां अर्जांत सासरचें लिहिलें, तर दारांतूनच परत फिरण्याची पाळी येते. तिसरी, सरावाचीं पुस्तकें. सप्टेंबर २०२३ पासून जी. आर. ई. जवळजवळ चार तासांवरून दोन तासांच्या आंत आली असून दोहोंपैकीं एक निबंध वगळला आहे. चुलत भावाचें जुनें पुस्तक शब्दांसाठीं चालेल, वेळेच्या सरावासाठीं चालणार नाहीं.

शेवटीं पत्र लिहिणाऱ्या भगिनीस एक स्पष्ट विनंति. वरील सर्व आंखणी रोजच्या दोन अखंड तासांवर उभी आहे. मुलगा परीक्षेस बसला कीं घर आपोआप हळू बोलूं लागतें; सून बसली कीं तिचा अभ्यास कामें आटोपल्यावर सुरू होतो. मग गुण कमी आले तर बुद्धि कमी पडली असा निर्णय होतो, वेळ किती मिळाला होता हें कोणी विचारीत नाहीं. सोळा आठवडे सकाळच्या स्वयंपाकाची पाळी दुसऱ्या कोणीं तरी घ्यावी आणि ती कोणीं घ्यावयाची, हें फी भरण्याच्या आधीं ठरवावें.