पेन्शन किती, हे नंतर. ती वाढणार कशी, ते आधी विचारा

निवडणूक जवळ आली की वाड्यावाड्यांवर उमेदवारांच्या फेऱ्या सुरू होतात आणि पेन्शनचा विषय निघतोच. एक म्हणतो, रक्कम वाढवू. दुसरा म्हणतो, जुनी पेन्शन परत आणू. तिसरा म्हणतो, तिजोरीला हे झेपणार नाही. लाटंबार्सेतील आपल्या जुन्या घरांत म्हातारी माणसे आहेत आणि महिनाअखेरीस त्यांचे पासबुक भरून घ्यायला नेणारी मुले-नातवंडेही आहेत. म्हणून या तिघांचे म्हणणे तपासून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम सरकारी नोकरांचे पाहू. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, तिच्यावर महागाई भत्ता, आणि पेन्शनसाठी पगारातून कपात नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि गोवा सरकारने ऑगस्ट २००५ पासून नव्या भरतीसाठी ही पद्धत बंद केली. पुढे पगारातून दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे आणि जे पिकेल ते घ्यायचे, असे ठरले. यावरून पक्ष फुटले. राजस्थान, छत्तीसगडमधील काँग्रेस आणि पंजाबातील आम आदमी पक्षाच्या सरकारांनी २०२२ मध्ये जुनी पेन्शन परत आणण्याचे जाहीर केले. आपल्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्गापलीकडे, महाराष्ट्रात, डिसेंबर २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात ती शक्य नसल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघ भाजपच्या हातून गेला, मार्चमध्ये कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि सरकारची भाषा मवाळ झाली. अखेर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मधली वाट काढली. १ एप्रिल २०२५ पासूनच्या या योजनेत कपात चालूच राहते, पण २५ वर्षे नोकरी झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची आणि महागाईप्रमाणे वाढीची हमी आहे.

पण आपल्या भागात सरकारी नोकरी किती जणांना? डिचोलीतील कितीतरी घरे खाणीवर चालली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि अनेकांची नोकरी अर्ध्यावर तुटली. खासगी नोकरीवाल्यांच्या भविष्य निर्वाह निधीतील पेन्शन किमान १,००० रुपये करण्यात आली ती २०१४ मध्ये. बागायतीवर आणि मजुरीवर जगलेल्यांना आधार दयानंद योजनेचा. २०२२ च्या निवडणुकीवेळी तीत ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळत. भाजपच्या जाहीरनाम्याने ते ३,००० करण्याचे वचन दिले. काँग्रेसने सर्वांत गरिबांना महिना ६,००० आणि तृणमूलने प्रत्येक घरातील एका महिलेला ५,००० रुपये देऊ केले.

हे सगळे आकडे ऐकायला गोड. पण खरा भेद आकड्यात नाही. सरकारी पेन्शनरची रक्कम महागाईबरोबर नियमाने वाढते. त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही. दयानंद योजनेच्या म्हाताऱ्याला मात्र वाढीसाठी निवडणुकीची वाट पाहावी लागते. हिशेब सोपा आहे. दरसाल पाच टक्के महागाई धरली, तर दहा वर्षांनी २,००० रुपयांत आजच्या सुमारे १,२३० रुपयांचाच माल येतो. पासबुकात आकडा तोच, औषधाची बाटली मात्र परवडत नाही.

महागाईशी जोडलेली पेन्शन तिजोरीला जड जाईल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ‘देऊ’ म्हणणाऱ्याने पैसा कोठून आणणार ते सांगावे आणि ‘झेपत नाही’ म्हणणाऱ्याने आधी कोणता खर्च आवरणार ते सांगावे. जुन्या पेन्शनचा बोजा आज दिसत नाही. तो वीस-तीस वर्षांनी आपल्या नातवंडांच्या करांतून फेडला जातो, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा उमेदवार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, अंगणात आला की त्याला बसवा, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा. दयानंद योजनेची रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढेल असा नियम करणार का? त्याचा पैसा कोठून येणार? आणि खाणीवर राबून अर्ध्यावर घरी बसलेल्यांसाठी तुमच्याकडे काय आहे? उत्तरे लिहून ठेवा. म्हातारपणाचा घास ही मतांची भीक नव्हे. तो हक्क आहे, आणि हक्काला नियम लागतो.