मुक्या जिवांचीही नोंद हवी

२२ मे हा आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन. छत्रपती शाहू महाराजांच्या काळापासून राखलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या रानाला १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांसोबत हे रान, म्हणजे आजचे राधानगरी अभयारण्यही जागतिक वारसा यादीत गेले. या रानात गवा दिसला की बातमी होते. त्याच्या खुरांखालच्या पाचोळ्यात जगणाऱ्यांची मात्र कुणी दखल घेत नाही.

छत्तीसगडमधील कुर्रा गुहांतून २०२१ मध्ये उजेडात आलेला रातकिड्यांचा नवा गट म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पंजाब विद्यापीठाच्या डॉ. रंजना जैस्वारा आणि सहकाऱ्यांनी त्याचे नाव ठेवले इंडिमिमस. त्यातील जातीला गुहासंशोधक जयंत बिस्वास यांच्यावरून ‘जयंती’ हे नाव मिळाले. एरवी नर रातकिडा एका पंखाची दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून साद घालतो, कंगव्यावरून नख फिरवावे तशी. मादी ती ऐकते पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असलेल्या इवल्याशा पडद्याने. इंडिमिमसच्या नराला पंखांनी आवाज काढता येत नाही आणि मादीला कानच नाहीत. पोट किंवा दुसरा एखादा अवयव कठीण जागेवर आपटून ते एकमेकांना खुणावत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

हवाईतील कौआई बेटावर तर गाणारे रातकिडे मुके झाले. नराच्या आवाजाचा माग काढून त्याच्या अंगावर अळ्या सोडणारी माशी तिथे आहे. तिच्या धाकाने अवघ्या वीसेक पिढ्यांत बहुतेक नरांच्या पंखांवरची ती दातेरी रचना नाहीशी झाली. गप्प राहिले, ते तगले.

असे जीव ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राला सापडत नाहीत. त्यासाठी रात्री बॅटरी घेऊन पाचोळा चाळावा लागतो, ओंडक्याखाली वाकून पाहावे लागते. आणि हाच पाचोळा उन्हाळ्यात वणव्याच्या तोंडी जातो. गवा पळून जीव वाचवतो. बोटाच्या पेराएवढ्या किड्याला तेवढी सवड मिळत नाही. नोंदच नसल्याने काय जळाले, हेही कळत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगडच्या ग्रामपंचायतींनी त्या वहीत कीटकांसाठी पाने राखावीत. शिवाजी विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांसोबत रात्रीच्या पाहणीला उतरावे. वणवा रोखणाऱ्या गावांना शासनाने पाठबळ द्यावे. गव्यासाठी राखलेले रान पाचोळ्यातल्या किड्यासाठीही राखले, तरच ते खऱ्या अर्थाने अभयारण्य ठरेल.