साडेबारा ते सात

स्वमग्न बालकांसाठी शाळेचे दार किलकिले झाले आहे, याचा आम्हांला आनंद आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. ज्या बालकाचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे, त्याला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे सारे खरे. परंतु शाळा साडेबाराला सुटते. आई कचेरीतून सातला घरी येते. मधल्या साडेसहा तासांचे काय, हा प्रश्न आम्ही आज आमच्या वाचकांपुढे, विशेषतः धर्मग्रामांच्या कारभाऱ्यांपुढे, ठेवीत आहोत.

वसईतील एक कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. वडील अंधेरीला, आई चर्चगेटला नोकरीस. मुलगा नऊ वर्षांचा. बोलतो थोडे, मात्र विरार लोकलची सारी स्थानके क्रमाने म्हणून दाखवतो. आजी होती तोवर निभावले. आजी अंथरुणाला खिळली आणि शोधाशोध सुरू झाली. पहिल्या पाळणाघराने दुसऱ्याच दिवशी मुलाला परत पाठवले. दुसऱ्याने दुप्पट पैसे मागितले आणि त्याला मागच्या खोलीत एकटा बसवला. तिसऱ्या ठिकाणच्या बाई मायाळू होत्या, पण इतर मुलांच्या आयांनी तक्रार केली, ‘आमची मुलं घाबरतात.’ या आया कोण होत्या? आपल्यातल्याच. रविवारी आपल्याच बाकांवर बसून मिस्सा ऐकणाऱ्या.

यावर आपल्या ओट्यांवर मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: आईने नोकरी सोडावी. हा सल्ला देणाऱ्यांनी कधी हिशेब मांडला आहे काय? वाचा-उपचार, विशेष शिक्षण, डॉक्टर, औषधे यांचा खर्च दोन पगारांतूनच कसाबसा निघतो. शिवाय वडिलांनी नोकरी सोडावी, असे कोणी सुचवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. या सल्ल्याच्या पोटात एक जुना आरोप दडलेला आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक वर्षे मोठमोठे मानसतज्ज्ञ आईच्या थंडपणालाच दोष देत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा पिता होता, हा समज खोडून काढणारा ग्रंथ लिहिला. विज्ञानाने तो आरोप केव्हाच मागे घेतला आहे. आपण अजून घेतलेला नाही.

दुसरा सल्ला सरकारकडे बोट दाखवतो. सरकारने करावे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण जे आहे त्याकडे डोळसपणे पाहावे. सरकारी पाळणाघर योजना सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या बालकांसाठी आखली गेली. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. परंतु चर्चगेटच्या कचेरीतील पाळणाघर वसईच्या शाळकरी मुलाच्या काय कामाचे? ज्याला मिक्सरचा आवाजही सोसत नाही, त्याला गर्दीच्या लोकलमधून रोज तेथवर न्यावे काय? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी कचेरीतील आईने ती कोणाकडे मागावी?

तिसरा सल्ला सर्वांत सोपा आणि म्हणूनच आम्हांला सर्वांत अप्रिय: ‘हा तुमचा क्रूस आहे, धीराने वाहा.’ क्रूस वाहणाऱ्याला हात न देता त्याची थोरवी गाण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रभूचा क्रूसही वाटेत सिमोनाच्या खांद्यावर दिला गेला होता.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. वसईतील बहुतेक धर्मग्रामांना सभागृह आहे. लग्नसराईत आणि सणाच्या दिवसांत ते गजबजलेले असते; एरवी सोमवार ते शुक्रवार दुपारी त्याला बहुधा कुलूप असते. पंखे आहेत, पाणी आहे, शौचालय आहे, बहुतेक ठिकाणी कुंपणही आहे. कुंपणाचे महत्त्व आम्ही मुद्दाम सांगतो. अनेक स्वमग्न मुले नजर चुकवून निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. बावखले आणि विहिरींच्या आपल्या मुलखात उंचावर लावलेली एक कडी जीव वाचवू शकते.

बाकी गरजा राजेशाही नाहीत. रोज तीच वेळ आणि तीच ओळखीची माणसे. आता खाणे, मग खेळ, मग घर, हे चित्रांनी दाखवणारा भिंतीवरचा तक्ता. आवाज असह्य झाला तर बसायला एक शांत कोपरा. काही बदलणार असेल तर आधी पूर्वसूचना. मुले पाच-सहाच, त्यांत इतर मुलांनाही घ्यावे, म्हणजे ‘घाबरणारी’ मुले चार दिवसांत खेळू लागतील. दोन प्रशिक्षित स्त्रिया नेमाव्यात आणि त्यांना रीतसर पगार द्यावा. ‘सेवा’ म्हणून फुकट राबवून घेण्याची आपली खोड येथे नको. मानधनावर आलेली बाई महिनाभरात निघून जाते आणि मुलाचे विश्व पुन्हा विस्कटते. पालकांनी ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे, उरलेले धर्मग्रामाने सोसावे. सणाच्या रोषणाईत थोडी काटकसर केली तर संताचा मान कमी होणार नाही.

‘काही झाले तर जबाबदार कोण?’ असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नियम, नोंदवही, प्रशिक्षण आणि विमा यांत आहे, कुलपात नाही. आज काही झाले तर जबाबदार कोण, हे आपण विचारतो काय? आज ती जबाबदारी एकट्या आईची आहे, म्हणूनच आपण निश्चिंत आहोत.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुलांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली आणि या कुटुंबांचे एकाकीपण मोडून काढण्याचे आवाहन केले. त्याला दशकाहून अधिक काळ लोटला. आपल्या सभागृहांची कुलपे तशीच आहेत.

संत मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले. दाराशी गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडले. त्या चौघांचे नातेही शुभवर्तमानकाराने सांगितलेले नाही. आम्ही छप्पर काढायला सांगत नाही. पॅरिश कौन्सिलच्या येत्या सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि सभा संपण्यापूर्वी सभागृहाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची ते ठरवावे, एवढेच आमचे मागणे आहे.