नाताळाआधी नवा अल्बम : घाई करायची की थांबायचं?

डिसेंबर आला की पाश्चात्त्य संगीतकारांपुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. अल्बम जवळपास तयार आहे, शेवटचा हात फिरवणं बाकी आहे. तो नाताळाआधी बाजारात आणायचा की नव्या वर्षापर्यंत थांबायचं?

घाई कुठून आली?

नाताळात भेट म्हणून तबकड्या खपत, त्यामुळे सण गाठणं भाग असे. १९६५ साली बीटल्सनी 'रबर सोल'चं रेकॉर्डिंग १२ ऑक्टोबरला सुरू केलं, ११ नोव्हेंबरला रात्रभर जागून संपवलं आणि ३ डिसेंबरला अल्बम दुकानांत आला. जॉर्ज हॅरिसनची सतार बीटल्सच्या गाण्यात पहिल्यांदा ऐकू आली, ती याच घाईत केलेल्या अल्बममध्ये.

आता काय बदललं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे स्ट्रीमिंग. डिसेंबरात लोक जुनी नाताळगीतंच पुन्हा पुन्हा लावतात. मराया कॅरीचं १९९४ सालचं नाताळगीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्यांदा अव्वल ठरलं ते थेट डिसेंबर २०१९ मध्ये. म्हणजे नव्या गाण्याची स्पर्धा पंचवीस वर्षं जुन्या गाण्याशीही असते.

दुसरी गोष्ट तबकडीची. गाण्याची फाइल काही दिवसांत जगभर पोहोचते. विनाइल तबकडीला मात्र साचा, छपाई आणि कारखान्यातली रांग यांतून जावं लागतं. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. साच्यासाठी लागणाऱ्या लॅकर चकत्या बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या कारखान्यांपैकी तो एक होता.

मग मधला मार्ग?

टेलर स्विफ्टनं 'एव्हरमोर' ११ डिसेंबर २०२० रोजी ऑनलाइन आणला. विनाइल आली मे २०२१ च्या अखेरीस, आणि अल्बम पुन्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. एकाच अल्बमला दोन हंगाम मिळाले.

पण हा मार्ग सगळ्यांना परवडत नाही. सहा महिने वाट पाहणारा चाहतावर्ग हाताशी असेल, तरच तो जमतो. छोट्या कलाकाराचे पैसे तोवर छपाईत अडकतात आणि गाणी लोकांच्या विस्मरणात जातात.

गणपतीची गाणी गणपतीआधीच यावी लागतात, कारण ती सणाचीच असतात. ज्याच्या गाण्यांचा सणाशी संबंध नाही, त्यानं डिसेंबरात अल्बम फक्त पूर्ण करावा आणि प्रकाशनासाठी गर्दी ओसरू द्यावी, हेच बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं.